प्रूफखोलीतलं बटण

"दारात उभी राहू नकोस गं बाई, आत ये," अंधारातून कुणीतरी कळवळून म्हणालं.

खांद्यावरची शिडी सांभाळत मी दोन पावलं आत टाकली आणि छतातले सगळे दिवे एकदम लागले. खोलीत दोघीजणी होत्या. पंचविशीतली एक मुलगी ओढणी कमरेला खोचून खुर्चीवर उभी होती आणि दोन्ही हात छताकडे हलवत होती. तिच्यासमोर पन्नाशीच्या एक बाई टेबलापाशी ताठ बसून जाड, पिवळसर कागदावर बोटं फिरवत मोठ्याने वाचत होत्या. अंधारातही त्यांचं वाचन चालूच होतं, आणि उजेड पडला म्हणून त्या थांबल्याही नाहीत. ओळ संपवून त्यांनी विचारलं, "दिवे गेले होते का, यास्मिन?"

"ताई, तिसऱ्यांदा गेले. सकाळपासून तिसऱ्यांदा!"

नलिनीताई दातीर जन्मापासून अंध. त्यांची माझी ओळख झाली ती अशी. या गोष्टीला आता तेरा वर्षं होऊन गेली. नाशिकला एका ट्रस्टचा ब्रेल छापखाना होता, त्याची नवी तीन मजली इमारत नुकतीच झाली होती आणि तिच्या देखभालीसाठी मला घेतलं होतं. आयटीआयला एअर कंडिशनिंगच्या वर्गात बावीस मुलगे आणि मी एकटी, त्यामुळे शिडी घेऊन फिरणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात याची मला सवय होती. ताईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "शिडी लाकडाची की अ‍ॅल्युमिनियमची? आवाज हलका येतोय." त्या मला तिथेच आवडल्या.

नवी इमारत म्हणजे सगळा आपोआप कारभार. माणूस हलला की दिवा लागायचा, माणूस दहा मिनिटं हलला नाही की विझायचा. पण प्रूफखोलीत काम करणारी माणसं हलतच नसत. ताई बोटांनी ठिपके वाचायच्या, यास्मिन शेख समोर छापील पुस्तक धरून शब्द न्‌ शब्द ताडून बघायची. तासन्‌तास हलायची ती फक्त ताईंची बोटं, आणि सेन्सर बसवला होता दारावर. हुशार माणसांनी केलेल्या इमारतीत अशी एखादी गंमत असतेच. मी सेन्सर काढून टेबलाच्या वर आणला, दहा मिनिटांची चाळीस केली, आणि अर्ध्या तासात मोकळी झाले.

"मला दिव्याचं काही सुखदुःख नाही," ताई म्हणाल्या. "पण या पोरीला दिवसभर नाचावं लागायचं. गुणाची आहेस. नाव काय तुझं?"

"हर्षदा अहिरे."

"हर्षदा, एवढं केलंस तर या थंडीचंही बघ. बोटं बधिर झाली की मला वाचता येत नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला. फ्रिजमधून काढलेल्या भाजीसारखा गार होता.

थंडीचं कारण मला ठाऊक होतं. प्रूफखोलीला खिडकी नव्हती आणि पलीकडेच कागदाचं गोदाम होतं. ब्रेलच्या कागदाला दमट, उबदार हवा चालत नाही. तो मऊ पडतो आणि उठवलेले ठिपके दबतात. म्हणून गोदामात एकोणीस अंश ठेवायचे. दोन्ही खोल्यांना हवा एकाच नळीतून यायची, त्यामुळे जे कागदाला तेच ताईंना. वेगळी नळी काढायची तर छत फोडायला हवं होतं.

"छत फोडायचं?" आमचे व्यवस्थापक लोणकर साहेब म्हणाले. "अहिरे, महिन्यापूर्वी उद्घाटन झालंय. पाहुण्यांच्या हाराची फुलं अजून वाळली नाहीत. आणि थंडीची तक्रार काय एकट्या दातीरबाईंची आहे? पहिल्या मजल्यावर एकाला गार होतं, त्याच्या शेजारच्याला उकडतं. कुणाकुणाचं ऐकू?"

त्यांनी टेबलाच्या खणातून एक सुबक पांढरी डबी काढली. तिच्यावर गोल बटण होतं, फिरवलं की टक टक वाजणारं, आणि अठरापासून अठ्ठावीसपर्यंत आकडे.

"ही प्रत्येक खोलीत लावा. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने करून घ्यावं."

मी डबी उलटी केली. मागे वायर जोडायची जागाच नव्हती. "साहेब, ही कशालाच जोडता येणार नाही."

"जोडायचीच नाहीये. ठेकेदार सांगत होता, मोठमोठ्या इमारतींत लावतात. माणसाच्या हातात बटण दिलं की त्याची तक्रार थांबते. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही ताकास तूर लागू देऊ नका म्हणजे झालं."

मी लावल्या. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. नवी नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर मला गंमतही वाटली. पहिल्या मजल्यावर एकजण बटण वर करायचा, दुसरा खाली करायचा, आणि दोघेही खूश. आठवड्याभरात तक्रारवही कोरी. मी जिन्यात एकटीच हसायचे.

ताईंच्या खोलीत डबी लावली तेव्हा त्यांनी बटण चाचपलं. "आवाज छान आहे. पण माझ्यासाठी यावर आकडे नाहीत."

"लावते की."

"तुला येतात?"

"शिकवा."

मग त्यांनी मला ब्रेलपाटी दिली, टोच्या दिला, आणि आकडे शिकवले. मागच्या बाजूने टोचायचं असतं, म्हणून सगळं उलट लिहावं लागतं. माझा पहिला अठ्ठावीस त्यांनी बोटाखाली घेतला आणि इतक्या हसल्या की यास्मिनही हसायला लागली. "अगं, हे कुठल्याच भाषेत नाही!" दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तेच करत होते. तिसऱ्या दिवशी माझी पट्टी त्यांनी सावकाश वाचली आणि म्हणाल्या, "शुद्ध. एक ठिपका चुकलेला नाही." पट्टी मी डबीवर चिकटवली. ताईंनी बटण अठ्ठावीसवर नेलं आणि समाधानाने हात चोळले.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण त्या इतक्या आनंदात होत्या की मला धीर झाला नाही, आणि पुढे रोज तो धीर थोडा थोडा कमीच होत गेला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला विदर्भातल्या एका अंधशाळेने दहावीच्या बीजगणिताचा एक खंड परत पाठवला. अकरा चुका. कुठे ठिपका कमी, कुठे जास्त, आणि त्यामुळे गणितंच्या गणितं बिघडलेली. परीक्षा तोंडावर आलेली. ताईंनी एकोणतीस वर्षांत तपासलेल्या पुस्तकातून एवढ्या चुका कधी सुटल्या नव्हत्या. चुकांची यादी त्यांनी वाचून घेतली नाही. "मीच शोधीन," म्हणाल्या, आणि त्याच खोलीत त्या खंडाची चाळीस पानं पुन्हा वाचली. चार सापडल्या. बाकीच्या सातांवरून बोटं सरळ पुढे गेली.

हे मला यास्मिनने शुक्रवारी सकाळी जिन्यात सांगितलं. सांगताना ती रडत होती.

"ताईंनी राजीनामा लिहिलाय. माझ्याकडून साध्या लिपीत उतरवून घेतला. चार वाजता साहेबांना देणारेत."

"अगं, पण का? थंडीने होतंय ते."

"तेच म्हटलं मी. तर म्हणाल्या, थंडी कुठेय? बटण अठ्ठावीसवर आहे. खोली उबदार आहे आणि मला गार वाटतंय, म्हणजे माझी बोटंच मेली. हर्षदा, त्या घरी जाऊन गरम पाण्यात हात धरून बसतात. डॉक्टरकडे जाऊन आल्या. दोन दोन स्वेटर घालतात. आणि वर मलाच विचारतात, तुला उकडत असेल ना गं, माझ्यासाठी सोसतेस."

"तू काय सांगतेस?"

"मी गप्प बसते. मला थंडी वाजते, पण मला वाटायचं, अठ्ठावीसवर असताना वाजते म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी."

एका डबीने दोन शहाण्या बायकांना स्वतःच्या अंगावर अविश्वास दाखवायला लावलं होतं, आणि त्या डबीवरची पट्टी माझ्या हातची होती.

मी आधी लोणकर साहेबांकडे गेले.

"साहेब, ताईंना खरं सांगायला हवं."

"काय खरं? बावन्न वर्षांच्या आहेत त्या. वय कुणाला चुकलंय? मी त्यांना बांधणी विभागात बसवीन, राजीनामा कशाला देतात? तिथे बोटांनी वाचायचं काम नाही."

"त्यांचं वय झालं नाही. त्या एकोणीस अंशांत बसल्यात."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस दुष्ट नव्हता. त्यांना फक्त कटकट नको होती. "अहिरे, एका खोलीत सांगितलंत की तिन्ही मजल्यांवर कळेल. मग ट्रस्टी मला विचारतील, आणि मी तुम्हाला. डब्या तुम्ही लावल्यात, कामाच्या नोंदीवर सही तुमची. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

"कळतंय."

"मग जा आणि शांतपणे काम करा."

मी तिथून निघाले ती थेट दुसऱ्या मजल्यावर. नोकरीचा विचार आला नाही असं नाही. पायरीपायरीला येत होता. पण चार वाजायला पाच तास होते, आणि तेवढ्यात हे निस्तरायचं होतं.

ताई टेबलापाशी बसल्या होत्या. पुढ्यात काम नव्हतं. हात शालीत गुंडाळलेले.

"हर्षदा का? आज पाऊल जड पडतंय."

"ताई, भिंतीवरचं ते बटण खोटं आहे."

"बिघडलंय?"

"बिघडलेलं नाही. ते कधी चालूच नव्हतं. त्याला वायर नाही. तक्रारी थांबाव्यात म्हणून लावलं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

यास्मिनच्या हातातलं पेन्सिलीचं टोक मोडलं. ताई उठल्या, भिंतीपाशी गेल्या, बटण अठ्ठावीसवरून खाली अठरावर आणलं आणि पुन्हा वर नेलं. टक, टक, टक.

"उघड," त्या म्हणाल्या.

मी दोन स्क्रू काढले आणि डबी खाली उतरवली. त्यांनी बोटं त्या जागी ठेवली, वर फिरवली, खाली फिरवली, कोपरे चाचपले.

"भिंत आहे," त्या म्हणाल्या. "नुसती भिंत."

"हो."

"आणि यावरची पट्टी?"

"मी लावलेली."

"मी शिकवलेल्या अक्षरात."

ताईंचा आवाज चढला नव्हता, पण त्या आवाजाने मला जे लागलं ते कुणाच्या ओरडण्याने लागलं नसतं.

"डोळस माणसं मला आयुष्यभर खोटं सांगत आलीत गं. रस्ता मोकळा आहे, साडी छान दिसते, जेवण गरम आहे. त्याची मला सवय आहे. तोंडचं बोलणं मी कधी पुरतं खरं धरत नाही. पण ठिपक्यात लिहिलेलं मी डोळे झाकून खरं धरते. एकोणतीस वर्षं ते खरं राहावं म्हणूनच इथे बसलेय. आणि तू बरोबर तिथे खोटं लिहिलंस. एक ठिपका न चुकता लिहिलंस."

"ताई, मला माफ करा."

"ते नंतर बघू. रडतेयस का? रडू नकोस, मला त्याचा उपयोग नाही. ही खोली खरोखर गरम करता येते?"

मी डोळे पुसले. "आजच्यापुरती येते; कायमची करायची तर छत फोडून वेगळी नळीच हवी. छतातल्या नळीत झडप आहे. ती हाताने बंद केली की इथली थंड हवा थांबेल, गोदामाची चालू राहील. खाली पाहुण्यांच्या दालनात दोन हीटर आहेत, ते आणते."

"विचारून?"

"न विचारता."

"मग आण. यास्मिन, तो परत आलेला खंड काढ. शाळेची यादी तुझ्याकडे ठेव आणि तोंडातून चकार शब्द काढू नकोस. मी चुकीपाशी असले तरी श्वाससुद्धा बदलायचा नाही."

मी शिडी लावली, छतातलं झाकण सरकवलं आणि आत डोकं घालून झडप फिरवायला लागले. ती नवी होती, कधी हललीच नव्हती, आणि घट्ट बसली होती. पान्याला कापड गुंडाळून मी तिच्यावर अख्खा भार टाकला. तळहाताची साल निघाली तेव्हा कुठे ती वळली आणि वरून येणारा गार झोत थांबला. मग खालून हीटर उचलून आणले. जिन्यात दोघांनी विचारलं, कुठे नेतेस? मी म्हटलं, कामाला.

खोली तापायला वेळ लागला. मी खिशातला तापमापक काढला आणि म्हणाले, "ताई, आता बावीस..."

"आकडा सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मला आकडा नकोय."

त्या हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या. अर्ध्या तासाने त्यांनी एक बोट दुसऱ्या बोटाच्या टोकावर घासलं. मग नखं टेबलावर वाजवली. मग शाल काढून खुर्चीला लावली, स्वेटर काढला, दुसरा स्वेटर काढला, आणि पहिलं पान पुढे ओढलं.

बाराच्या सुमारास त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले. पहिलं पान सरळ गेलं, दुसरंही गेलं. तिसऱ्या पानाच्या मधे त्यांचं बोट पुढे गेलं, थबकलं आणि मागे आलं.

"इथे ठिपका मेला आहे. खालचा. चिन्ह बदललंय. लिही."

यास्मिनने यादीकडे बघितलं आणि ओढणीचं टोक तोंडात धरलं. ताईंना काही कळू द्यायचं नव्हतं ना.

सातव्या पानावर दुसरी, नवव्यावर लागोपाठ दोन. डबा खायला त्या थांबल्या नाहीत. पाणी प्यायला थांबल्या, तेही ग्लास गार आहे म्हणून दोन घोट घेऊन दूर सारला. त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. सुरुवातीला एकेक शब्द घासून बाहेर येत होता; आता वाक्यं सरळ धावत होती, आणि चूक आली की मांजराने उंदरावर पंजा ठेवावा तसं बोट तिथे बसत होतं.

तीन वाजता लोणकर साहेब दारात उभे राहिले. "अहिरे! दालनातले हीटर कुणाला विचारून..."

"बसा साहेब," ताई मान न वळवता म्हणाल्या. "पान पुरं होऊ द्या."

साहेबांनी उतरवलेली डबी टेबलावर बघितली, उघडी भिंत बघितली, आणि ते खरंच बसले. त्या बाईंच्या वाचण्यात असं काही होतं की मधे बोलायची कुणाची छाती नव्हती. पस्तिसावं पान झालं. अडतिसावं झालं. शेवटच्या पानाची शेवटची ओळ वाचून ताईंनी दोन्ही तळवे कागदावर टेकवले.

"यास्मिन, किती?"

"चौदा, ताई."

"शाळेने किती सांगितल्या होत्या?"

"अकरा. त्या अकराच्या अकरा यात आहेत." यास्मिनने यादी खाली ठेवली. "आणि तीन त्यांनासुद्धा सापडल्या नव्हत्या. मी छापील पुस्तकाशी ताडून बघितल्या. बरोबर आहेत तुमच्या."

लोणकर साहेब खाली बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "तो राजीनामा..."

"तो अजून माझ्या पिशवीतच आहे, आणि तिथेच फाडीन. आधी या खंडाची नवी छपाई सोमवारी लावा. त्या मुलांची परीक्षा आहे. आणि ही झडप आता कुणी उघडायची नाही. छत फोडावं लागलं तर फोडा."

"हो," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मला वाटलं, आता ताई माझ्याशी काहीतरी बोलतील. रागावतील, किंवा झालं गेलं विसर म्हणतील. मी उठून त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले. पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात उचलून तोंडासमोर धरले होते.

"चार महिने," त्या बोटांना म्हणाल्या, "चार महिने मी तुम्हाला बोल लावला."

आणि पुस्तकाला चुकून पाय लागला की आपण जसा हात लावून नमस्कार करतो, तशी त्यांनी आपलीच दहाही बोटं कपाळाला लावली. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांचे डोळे वाहत होते. यास्मिन तोंड फिरवून रडत होती. मी मात्र रडले नाही, कारण माझ्या रडण्याचा उपयोग नाही असं मला आधीच सांगितलेलं होतं.

थोड्या वेळाने ताईंनी पदराने डोळे टिपले. "हर्षदा, आहेस का?"

"आहे, ताई."

"खाली किती खोल्यांत लावल्यास त्या डब्या?"

"अकरा."

"तिथेही माणसं बसलीत. कुणीतरी स्वतःलाच दोष देत असेल."

लोणकर साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अहिरे, थांबा. आधी मी ट्रस्टींशी बोलतो. दोन दिवस जाऊ द्या."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि जिना उतरून पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या खोलीचं दार वाजवलं.